स्मार्ट शहर : रहिवाशांना फक्त मत विचारायचं की निर्णयाचा अधिकार द्यायचा?

ओसरी
आराखडा आधी ठरतो, मग लोकसहभाग म्हणून ऑनलाइन सर्वेक्षण होतं. नागरी नियोजनाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी आर्न्स्टीन यांनी १९६९ मध्येच सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात माहिती देणं आणि मत विचारणं मधल्या पायऱ्यांवर आहे, निर्णयाचा अधिकार वरच्या. माझी मागणी एवढीच, की वस्तीतल्या कामांच्या खर्चाचा ठरावीक हिस्सा तरी रहिवाशांनी ठरवावा. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्री शहरात १९८९ पासून हे झालं आणि गरीब वस्त्यांतली पाण्याची, सांडपाण्याची कामं पुढे सरकली.

समांतर
असहमत. सभेला येतं कोण? रात्रपाळीचा कामगार येत नाही, तान्हं मूल असलेली बाई येत नाही. मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांच्या गल्लीत आधी दिवे लागतात. शिवाय नाल्याचा उतार मतदानाने ठरत नाही. पोर्तो अलेग्रीतही २०१७ मध्ये हा उपक्रम स्थगित झालाच. चांगले अभियंते नेमा, काम चुकलं तर निवडणुकीत जाब विचारा.

पायवाट
अमेरिकेतल्या बॉस्टन शहराचं 'स्ट्रीट बम्प' अ‍ॅप घ्या. गाडी खड्ड्यात आदळली की फोन आपोआप नोंद करणार. कल्पना हुशार होती. पण गरीब आणि वृद्ध जास्त असलेल्या भागात स्मार्टफोनच कमी, त्यामुळे खड्डे असूनही तिथल्या नोंदी कमी पडण्याचा धोका होता.
मी पांढरी काठी वापरते. आम्हाला वाट दाखवणाऱ्या, पदपथावरच्या उठावदार रेघांच्या फरशा आराखड्यात सरळ दिसतात. प्रत्यक्षात त्या थेट विजेच्या खांबापाशी नेतात. हे चालल्याशिवाय कळत नाही. मी पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबायचं का?

समांतर
नाही. तुमचा मुद्दा मान्य, पण त्यावर उपाय सक्तीच्या तपासणीचा आहे. अपंग व्यक्तींनी स्वतः वापरून पाहिल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघू नये. कोणतं काम आधी घ्यायचं, ते मात्र सभेवर सोडू नका.

पायवाट
बिल अडवता येत असेल तर तो अधिकारच आहे. मला तोच हवाय. काम झाल्यावर तोडफोड करण्यापेक्षा नकाशा काढतानाच बोलवा.

ओसरी
@समांतर, पैसा आधी कॅमेऱ्यांना की पदपथाला, हा प्रश्न अभियंत्याचा नाहीच. सभेला न येणाऱ्यांची तुमची काळजी खरी आहे. म्हणून सभा वेगवेगळ्या वेळी घ्या, मुलं सांभाळायची सोय करा, कागदावरही मत घ्या. आणि सगळं सभेवर सोडा असं मी म्हणतच नाही: पोर्तो अलेग्रीत वाटपाच्या सूत्रात रहिवाशांच्या पसंतीसोबत त्या भागाची लोकसंख्या आणि सुविधांची उणीवही धरली जायची.