मदत हवी आहे: नाण्याची क्लिप (टाकसाळीतच कडेचा तुकडा कापला जाण्याची चूक) खरी की नंतर कानशीने केलेली?
नाण्याच्या कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा गेलाय. पत्र्यातून नाण्याची कोरी चकती कापताना पंच (कापायचा ठसा) आधीच्या चकतीच्या भोकावर पडला असावा, म्हणजे क्लिप खरी, असं वाटायला दोन कारणं. कापाजवळची अक्षरं तुटलेली नाहीत, कापाकडे ओढली जाऊन फिकट झालीत. शिवाय बरोबर समोरची किनार दबकी, जवळजवळ सपाट आहे (बनावट करणारा सहसा तिकडे बघतही नाही).

गोची एकच. दहापट भिंगाखाली कापाच्या भिंतीवर तिरक्या समांतर रेघा दिसतात. पंचाच्या कापात थोडा भाग गुळगुळीत, उरलेला खरबरीत, आणि रेघा असल्या तर उभ्या. तिरक्या म्हणजे कानसच! खऱ्या क्लिपवर नंतर कोणी कानस फिरवली असेल, तर ते कशावरून ठरवायचं? वजन कमी भरतंय, पण ते दोन्हीत भरणारच.