निवाऱ्यात खाट आहे, मग माणूस एसटी स्टँडवर का झोपतो?

जुनी_मिल_कट्टा
सोलापुरात गरिबांसाठी घरं झाली नाहीत असं म्हणणारा खोटं बोलतो. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांची दहा हजार घरं झाली. मग तिथंच रे नगर, ३०,००० घरांचा प्रकल्प. त्यातली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. विडी, यंत्रमाग, कचरावेचक अशा लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवलेली घरं आहेत ती. कौतुकच आहे.

पण त्या घरापर्यंत पोचायला आधार लागतं, बँकेत खातं लागतं, अनुदान वजा जाता उरलेला हिस्सा भरायची ऐपत लागते, शिवाय पाठीशी एखादी संघटना लागते. मार्केट यार्डात हमाली करून तिथंच पोत्यांवर आडवा होणाऱ्याकडे यातलं काय असतं? त्याच्यासाठी आहे बेघरांचं निवारा केंद्र. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं, आणि नंतर राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांतही आलं, की शहराच्या दर लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची, बारमाही, चोवीस तास उघडी सोय हवी. २०११ च्या जनगणनेत सोलापूर ९,५१,५५८ होतं. म्हणजे त्या हिशोबानेसुद्धा साडेनऊशे जागा. एवढी सोय गावात कुठं दिसली तर मला सांगा.

तरी माझं दुखणं खाटांचं नाही. ओळखीच्या एका हमालाचा पाय मोडला. सरकारी दवाखान्यात प्लास्टर झालं, सुट्टी मिळाली, कागदावर लिहून दिलं, ‘घरी सहा आठवडे विश्रांती’. घरी! निवाऱ्यात नेलं तर ते म्हणाले, ज्याला स्वतः संडासला जाता येत नाही त्याला आम्ही ठेवू शकत नाही. दवाखान्याचं रजिस्टर बरोबर, निवाऱ्याचं रजिस्टर बरोबर, माणूस स्टँडवर. एका दारातून बाहेर पडलेला माणूस पुढच्या दारात पोचला का, हे बघायची जबाबदारी कुणाचीच नाही. सगळी यंत्रणा इथंच फसते असं माझं म्हणणं आहे.

विजापूर_रोड_करदाता
मुद्दा भावनिक आहे, पण दुसरी बाजूही ऐका. इथं घरपट्टी, पाणीपट्टी वेळेवर भरणाऱ्याला चार-पाच दिवसांआड पाणी मिळतं. उजनी भरून वाहते आणि आमच्या बायका रात्री दोनला मोटार लावायला उठतात. आणि तुम्ही साडेनऊशे खाटा मागताय. लोकसंख्येवर काढलेला आकडा तो, बेघर मोजून काढलेला नाही. उद्या नऊ इमारती बांधल्या तर निम्म्या रिकाम्या पडतील, मग त्यांत कुणाचं तरी गोदाम होईल.

शिवाय यातले बरेच जण येतच नाहीत. गाडी घेऊन गेलं तरी नाही म्हणतात. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर सगळं हाकेच्या अंतरावर, अन्नदानाला तोटा नाही, रोख हातात पडते. भीक मागायला बंदी करणारा १९५९ चा कायदा महाराष्ट्रात आहे ना? तो वापरा की.

सात_रस्ता_वकील
करदाता साहेब, तो कायदा वापरला तर काय होतं ते बघा. भीक मागताना सापडलेल्याला न्यायालय पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात डांबू शकतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याच कायद्यातल्या भीक मागणं गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. आपल्याकडे तो अजून चालतो. पण तीन वर्षांनी तो माणूस सुटेल तेव्हा कुठं जाईल? पुन्हा सिद्धेश्वर मंदिराच्या दारात. तीन वर्षं त्याला पोसायचा खर्च तुमच्याच करातून जाणार, तेवढ्यात भाड्याची खोली आली असती.

हा धागा सुरू करणाऱ्यांच्या मुद्द्यात एक भर. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम १००. रस्त्यावर भटकणारा माणूस मानसिक आजारी वाटला तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. डॉक्टर म्हणाले, दाखल करायची गरज नाही, तर पोलिसांनीच त्याला घरी सोडायचं. घर नसेल तर बेघरांसाठीच्या सरकारी संस्थेत. शिवाय हरवल्याची तक्रार नोंदवून नातेवाईक शोधायचे. म्हणजे पुढच्या दारापर्यंत पोचवायची जबाबदारी कायद्याने नेमून दिलेली आहे. दाखल करायची वेळ आली तर मात्र राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आपल्याला जवळचं येरवडा, अडीचशे किलोमीटर. पोलीस ठाण्यातल्या दोन शिपायांचा अख्खा दिवस त्यात जातो. म्हणून साहेब लोक बघूनही न बघितल्यासारखं करतात. मी त्याचं समर्थन करत नाही, घडतं ते सांगतोय.

रात्रपाळी
मी एका निवारा केंद्रात काळजीवाहक होतो. कुठलं ते विचारू नका.

धागाकर्ते, तुमचा राग समजतो, पण त्या हमालाला ठेवून घेतलं असतं तर? रात्री आम्ही दोघं, आत तीस-पस्तीस माणसं. त्यात एक दारू उतरल्यावर थरथरतोय, एकाच्या खिशात ब्लेड, एक रात्रभर खोकतोय आणि त्याची थुंकी तपासलेली नाही. त्यात प्लास्टरवाल्याला उचलून संडासात न्यायचं. पडला तर? सगळ्यात आधी नोकरी माझी जाणार. आमचा पगार चार-चार महिने यायचा नाही, कारण वरून हप्ता आला की केंद्र चालवणाऱ्या संस्थेला, संस्थेकडून आम्हाला. निवारा म्हणजे दवाखाना नाही. दवाखान्यानंतरचं आणि निवाऱ्याआधीचं असं एक ठिकाण लागतं, जखम भरेपर्यंत पडून राहण्याचं. ते कुणाच्याच योजनेत नाही.

आता करदात्यांना. ‘येत नाहीत’ हे खरंय. का येत नाहीत ते मी रोज ऐकलंय. यार्डात माल पहाटे उतरतो, आमचं कुलूप सकाळी सहाला निघायचं. हमाल आत झोपला की त्याची रोजी बुडाली. भंगार गोळा करणाऱ्याला हातगाडी आत आणू देत नव्हते आणि बाहेर ठेवली की सकाळी चाकं गायब. नवरा-बायकोला वेगळं झोपवायचं. कुत्रं चालत नाही. आणि चोवीस तास हे कागदावर, प्रत्यक्षात सकाळी नाष्टा झाला की बाहेर काढायचे, साफसफाईच्या नावाखाली. हे नियम दिल्लीच्या थंडीसाठी सुचलेत असं मला नेहमी वाटायचं. सोलापुरात माणूस जानेवारीत मरत नाही ओ, एप्रिल-मेमध्ये मरतो, चव्वेचाळीस डिग्रीत, दुपारी. आणि दुपारीच आमचं दार बंद.

विजापूर_रोड_करदाता
हे पटलं. कुलूप उघडायची वेळ बदलायला पैसे लागत नाहीत. पण मग हा व्यवस्थापनाचा दोष झाला, धोरणाचा नाही. जास्त पैसे कशाला ओतायचे?

पूर्वभाग_लेक
दादा, पैसे लागतात. बायकांचं कुणीच बोललं नाही म्हणून मध्ये पडते.

आमच्या भागात यंत्रमाग बंद पडले की पुरुष भिवंडीला नाहीतर सुरतेला जातात, मागे म्हातारी आई राहते. खोलीचं भाडं थकलं की मालक सामान बाहेर काढतो. अशी एक आजी तेलुगूशिवाय काही बोलत नव्हती. तिला नोंदवहीत नाव-गाव विचारणारा मराठीत विचारत होता आणि शेवटी त्याने ‘मतिमंद’ लिहिलं. डोक्याने अगदी ठणठणीत होती, विड्यांचा हिशोब तोंडपाठ! ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार म्हाताऱ्यांसाठी किमान दीडशे जणांचं वृद्धाश्रम असावं अशी तरतूद आहे. तिथं जायच्या बाईला बेघरांच्या खोलीत पाठवतात, आणि ती रात्री उठून स्टेशनच्या बायकांच्या प्रतीक्षालयात जाऊन बसते, कारण तिथं दिवे असतात आणि पोलीस असतात. तिची निवड मला तरी शहाणपणाची वाटते.

बायकांसाठी वेगळी जागा, बाई काळजीवाहक, तेलुगू-कन्नड बोलणारं एक माणूस. हे फुकटात होत नाही.

जुनी_मिल_कट्टा
रात्रपाळी, तुमचं म्हणणं मान्य. दोष काळजीवाहकाचा नाहीच. माझा प्रश्न त्याच्या वरच्या टेबलाला आहे. दवाखान्यातून बेघर माणसाला सुट्टी देताना ‘कुठे पाठवला’ हा रकाना भरल्याशिवाय कागद पुरा होऊ नये. पोलिसांचंही तेच. निवाऱ्याचं मूल्यमापन खाटा किती भरल्या यावर न करता सहा महिन्यांनी किती जण भाड्याच्या खोलीत, घरी किंवा कामावर आहेत यावर करा.

आणि पत्ता नाही म्हणून रेशन देता येत नाही, हे कारण तर मला सांगूच नका. बेघर माणसाचं नाव मतदार यादीत घालताना निवडणूक आयोगाची रीत काय आहे? मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकाहून जास्त रात्री त्या जागी जाऊन बघतो, माणूस खरंच तिथं झोपतो का. झोपत असेल तर पत्त्याचा दुसरा पुरावा लागत नाही. मतासाठी फूटपाथ पत्ता म्हणून चालतो, मग रेशनसाठी का अडतं?

विजापूर_रोड_करदाता
रकाना भरायला सांगाल तर सगळे ‘निवारा केंद्र’ लिहून मोकळे होतील. आपली माणसं ओळखत नाही का तुम्ही? आणि सहा महिन्यांनी शोधणार कसं? मोबाइल नंबर तरी असतो का त्यांच्याकडे?

तरी एक सांगतो. केंद्र सरकारने २०२० मध्ये स्थलांतरित मजुरांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली होती, आणि २०२४ च्या नव्या आवास योजनेतही भाड्याच्या घरांचा भाग आहे. यार्ड आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ रोजच्या भाड्याची खोली काढा, वीस-तीस रुपये घ्या. हमाल देईल. फुकट मागणारा आणि कमावणारा वेगळा होईल. त्याला माझा विरोध नाही.

रात्रपाळी
रोजचं भाडं हमाल देईल, पाय मोडेपर्यंत देईल. मोडल्यावर कोण देणार तेवढं ठरवा आणि मग खोल्या काढा. शोधण्याचं म्हणाल तर मोबाइल नसला तरी यार्डातला मुकादम, चहावाला आणि मंदिरापुढचा फुलवाला, तिघांना विचारलं की माणूस तासाभरात सापडतो. आम्ही शोधायचो. फक्त ते काम आमच्या करारात लिहिलेलं नव्हतं, म्हणून रिक्षाचे पैसे खिशातून जायचे.