मदत हवी आहे: बेळगावजवळ मच्छेच्या पुढं घर घ्यायचा विचार आहे, म्हाताऱ्या आईवडलांचं तिकडं निभेल का?

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय उत्तर कसं देणार म्हणून लिहितोय.

आम्ही बेळगाव शहरातल्या शहापूरचे. आजोबांपासून भाड्याच्याच घरात, खाली माग आणि वर आम्ही, आता माग बंद होऊन बरीच वर्षं झाली आणि मालकांना घर पाडून अपार्टमेंट बांधायचंय त्यामुळं दिवाळीपर्यंत खाली करा म्हणालेत. त्यांचं चुकतंय असं मी म्हणत नाही, एवढी वर्षं नाममात्र भाड्यात राहू दिलं. मी उद्यमबागला कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, बायको टिळकवाडीत एका दुकानाचं अकाउंट बघते, मुलगी चौथीला मराठी शाळेत, आणि आईबाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे. शहापूर, वडगाव, अनगोळ सगळीकडं बघून झालं, आमच्या लोनमध्ये काही बसत नाही. खानापूर रोडला मच्छेच्या पुढं आत एका लेआऊटमध्ये ३०×४० वर बांधलेलं घर मात्र बसतंय. दोन खोल्या, हॉल, किचन, पुढं तुळशीपुरती जागा. मला कामाला जायला पंधरा मिनिटं. माझ्यासाठी सगळं सोयीचंच आहे, आणि म्हणूनच भीती वाटते की माझ्या सोयीसाठी मी आईला कुठं नेऊन ठेवतोय.

आईचं सांगतो. सोमवारी कपिलेश्वर, ते चालत. भाजी दारात, पिठाची गिरणी चार घरं सोडून, आषाढात वडगावच्या मंगाईच्या यात्रेला माहेरची माणसं आमच्याकडंच जेवायला. तिला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. आजपर्यंत तिला बस लागलीच नाही, आता कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं २०२३ पासून सरकारी बसला बायकांना तिकीट नाही हे खरं, पण बसची पाटी वाचता येत नसेल तर आधार कार्ड हातात धरून ती स्टॉपवर उभी राहणार आणि प्रत्येक बसला हात करून विचारणार, "ही कुठं जातीय ओ?"

बाबांचं दुसरंच. गेल्या पावसाळ्यात रात्री अडीचला धाप लागली. शेजारच्या पोरानं शर्ट न घालताच गाडी काढली आणि वीस मिनिटांत ऑक्सिजन लागला. त्या लेआऊटमध्ये आत्ता निम्मी घरं बंद आहेत, लोक प्लॉट घेऊन ठेवलेत नुसते. तिथं रात्री अडीचला मी कुणाचं दार वाजवू?

जुलैमध्ये मुद्दाम भर पावसात घर बघायला गेलो होतो आईला घेऊन. मेन रोडपासून घरापर्यंत साधारण आठशे मीटर, त्यातलं निम्मं डांबर आणि पुढं नुसती लाल खडी, दिव्याचे खांब आहेत पण दिवे नाहीत. एका घरी पाणी मागितलं. त्या बाईंच्या दारात तीन निळी बॅरल, तोंडाला जुन्या साडीचं फडकं बांधलेलं. तांब्या भरून दिला, आईनं एक घोट घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्याच्यात डाळ शिजते का?" त्या म्हणाल्या, "बोअरचं हाय मावशी, वेळ लागतोय. डाळीला आणि प्यायला आम्ही वेगळं आणूलाव." येताना आई गाडीवर काहीच बोलली नाही, शहापूर आल्यावर म्हणाली तू घेणार असशील तर मी येते. हे ऐकल्यापासून मला नीट झोप नाही.

तर जे लोक शहर सोडून पिरनवाडी, मच्छे, हिंडलगा, कंग्राळी, सांबरा कुठंही राहायला गेलेत त्यांनी खरं खरं सांगा: पाण्याचं काय करता, वयस्कर माणसांचा दिवस कसा जातो, रात्री दवाखान्याचं काय, आणि कागदपत्रात काय बघायचं. विकणारा माणूस सगळं क्लिअर आहे म्हणतो पण मला कानडीतले कागद समजत नाहीत.

पिरनवाडीची सून
दादा, मी लग्न होऊन इकडं आले तेव्हा आमच्या गल्लीत पाच घरं होती, आता रिकामा प्लॉट शोधावा लागतो, म्हणजे वस्ती वाढते पण किती वर्षांत वाढेल ते तुमच्या आईबाबांच्या वयाकडं बघून ठरवा. पाण्याचं पहिलं. शहराला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, २००८ मध्ये काही वॉर्डांत चोवीस तास पाणी पण सुरू झालं, पण मच्छे महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर, तुमचा लेआऊट पट्टण पंचायतीत (म्हणजे नगरपंचायतीत) येतो का ग्रामपंचायतीत ते आधी विचारा. नळाचा पाईप रस्त्यावर आहे एवढं बघून खूश होऊ नका, त्यातून पाणी किती दिवसांनी येतं ते शेजारच्या बाईलाच विचारा, पुरुष माणसांना माहीत नसतं. एप्रिलच्या शेवटी परत एकदा जाऊन बोअर चालू आहे का बघा. अंगणात संप, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, बांधायला जागा आहे ना तेही बघा, संप असला की टँकर मागवला तरी वाया जात नाही.

सासूबाईंचं सांगते, पहिले सहा महिने रोज रडायच्या. मग दुपारी चार बायका जमायला लागल्या तसं बरं झालं. बसचं म्हणाल तर खानापूरकडून येणाऱ्या बस मच्छेला येईपर्यंत भरलेल्या असतात, फ्री झाल्यापासून जास्तच. सकाळी आठ ते दहा आईंना पाठवूच नका, अकरानंतर बसायला मिळतं. आमच्या सासूबाई कंडक्टरला आधीच सांगून ठेवतात मला गोगटे सर्कलला उतरवा म्हणून, आणि तिथून रिक्षा.

अनगोळकर
कागदाचं मी सांगतो, माझ्या मेहुण्यानं हातानं पैसे घालवलेत म्हणून कळकळीनं सांगतोय. नुसत्या बॉण्डवर, म्हणजे रजिस्टर न करता स्टॅम्प पेपरवर, घेतलेली जागा असेल तर बोलणंच बंद करा, ती तुमची होत नाही. जमीन एनए (बिगरशेती) झाली का, लेआऊट मंजूर आहे का, हे बुडात (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या ऑफिसात) जाऊन स्वतः बघा. ग्रामपंचायतीत असेल तर फॉर्म ९ आणि ११ए हे मालमत्तेचे उतारे मागा, ११बी दिला तर थांबा, त्याचा अर्थ ती मंजूर लेआऊटमधली नाही, बँक पण लोनला नाटक करते. पट्टण पंचायतीत असेल तर ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा ऑनलाइन उतारा. ईसी (जागेवर बोजा आहे का ते सांगणारा दाखला) काढा, कमीत कमी तीस वर्षांची. बँक लोन देतेय म्हणजे सगळं ठीक असं धरू नका, तुमचा वकील वेगळा लावा, विकणाऱ्यानं दिलेला नको.

अजून दोन गोष्टी. लाईटचं मीटर कायमचं आहे का बांधकामासाठी घेतलेलं टेम्पररी ते बघा, टेम्पररीचा दर जास्त असतो आणि मग गृहज्योती योजनेचे फुकटचे २०० युनिट विसरा. आणि तिथं आधी भातशेती होती का विचारा. आपल्याकडं भाताची रानं सपाट करून लेआऊट पडलेत, काळी माती असली की उन्हाळ्यात भेगा आणि पावसात फुगते, पाया उथळ असेल तर भिंती बोलायला लागतात. कोपऱ्यात आणि खिडकीच्या खाली तिरक्या चिरा आहेत का बघा, ताजा रंग दिला असेल तर जास्तच निरखून बघा.

दवाखान्याचं, प्रत्येक वेळी नेहरूनगरच्या केएलईपर्यंत जावं लागत नाही, येळ्ळूर रोडला पण केएलईचं हॉस्पिटल आहे. एकदा दिवसा आणि एकदा रात्री स्वतः गाडीनं जाऊन वेळ मोजून या.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी परत गेलो होतो. रंग ताजाच आहे, हॉलच्या खिडकीखाली हात फिरवला तर लांबी भरलेली लागते. विकणाऱ्याला विचारलं तर प्लास्टरची चीर आहे म्हणाला. लाईटचं मीटर टेम्पररीच निघालं. कागद मागितलेत, झेरॉक्स देतो म्हणालाय.

बायकोनं वेगळंच सुचवलंय, आणि मला ते पटूलंय. घर लगेच घ्यायचं नाही, त्याच भागात पण मेन रोडला लागून, वस्तीत, अकरा महिने भाड्यानं राहून बघायचं. एक पावसाळा आणि एक उन्हाळा निघेल, आईला बस जमते का कळेल, मुलीची शाळा तोवर बदलायची नाही, मी कामावर जाताना तिला आधी सोडून येईन. भाडं आणि लोन दोन्ही एकदम नको म्हणून घर हातचं गेलं तरी चालेल असं ठरवलंय.

तेव्हा आता प्रश्न बदललाय. पिरनवाडी ते मच्छे, मेन रोडपासून चालत पाच मिनिटांच्या आत, तळमजला, दोन खोल्या आणि शेजारी माणसं राहणारी अशी भाड्याची जागा कुणाच्या माहितीत असेल तर सांगा. नळाला पाणी कधी येतं ते पण लिहा. आईनं अजून एक विचारायला सांगितलंय, जवळ पिठाची गिरणी आहे का.