मदत हवी आहे: मंडीतले ओटे कोणत्या नियमाने वाटतात? (इंदूर)

नमस्कार मंडळी. इथल्या एका भाजी मंडीत माझी आत्या वर्षानुवर्षं गेटजवळ ताडपत्री अंथरून मेथी-कोथिंबीर विकते. आता पक्के ओटे बांधलेत, खडूने नंबरही पडलेत, पण यादी कुठेच लावलेली नाही. सोडत काढणार की जुन्यांना आधी देणार, कोणी सांगत नाही. हा सरळ अन्याय आहे.

बैठकीच्या (म्हणजे मंडीत बसण्याच्या शुल्काच्या) पावत्या जपून ठेवल्यात. परवाना किंवा पालिकेचं फेरीवाला प्रमाणपत्र नाही. लेखी अर्जाची पोच आहे, उत्तर नाही. माहिती अधिकारात ३० दिवस जातील, तोवर ओटे वाटून होतील. वकील परवडणारा नाही.

२०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार सर्वेक्षणाआधी विक्रेत्याला हटवता येत नाही. हे संरक्षण मंडीच्या आवारात मिळतं, की तिथे फक्त १९७२ चा मध्य प्रदेश कृषी उपज मंडी अधिनियम चालतो? आणि यादी जाहीर होईपर्यंत वाटप थांबवायचं तर अर्ज नक्की कोणाकडे करायचा?