आजोबांच्या जमिनीच्या केसचा निकाल कोर्टातून कसा काढायचा? अर्जंट मदत हवी

कल्याणलोकल
मंडळी नमस्कार, अडकलोय म्हणून थेट विचारतो. आजोबांनी जमिनीची केस जिंकली होती, त्या ऑर्डरची सहीशिक्क्याची नक्कल पाहिजे. तलाठी म्हणतो त्याशिवाय सातबाऱ्यावर नाव लागणार नाही. ई-कोर्ट्सच्या साइटवर तीन रात्री बसलो, दर वेळी कॅप्चा भरा आणि शेवटी 'रेकॉर्ड नॉट फाउंड'. मग गेल्या शुक्रवारी रजा टाकून गावी गेलो, तालुक्याच्या कोर्टात खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं "नंबर काय", नंबर नाही म्हटल्यावर त्याने सरळ मागच्याला पुढे बोलावलं. अहो नंबर माहीत असता तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो! कोणाला प्रोसेस माहीत असेल तर सांगा, गणपतीला गावी जाणार आहे तेव्हा एका फेरीत उरकायचंय.

बंड्या_०९
कुठला जिल्हा, कुठलं साल, केस कोणी कोणावर केली होती? यातलं एकही लिहिलं नाहीये तुम्ही.

मालवणी_मसालो
आधी साल तरी सांग रे बाबा, आमच्या काय अंगात देव येता?

माहितीदूत
सोप्पं आहे. माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मी आत्तापर्यंत चाळीसेक अर्ज केलेत, सगळीकडे हाच उपाय.

अॅड_काळाकोट
कोर्टाच्या निकालाची नक्कल माहिती अधिकारात मागू नका, अर्ज परत येईल. गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्येच सांगितलंय की न्यायिक कागद हवे असतील तर कोर्टाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे नक्कल अर्ज करा. महिना फुकट जाईल.

माहितीदूत
म्हणजे सामान्य माणसाने वकिलाकडेच जायचं, बरोबर ना? कळलं.

अॅड_काळाकोट
नक्कल अर्जाला वकील लागतोच असं कुठे म्हटलं मी? स्वतः करता येतो. उगाच ओढून ताणून भांडू नका.

कल्याणलोकल
सिंधुदुर्ग. तालुका लिहीत नाही, भाऊबंद पण इथे वाचत असतील. साल बाबांना नक्की आठवत नाही, म्हणाले "आणीबाणीच्या आसपास". आजोबांचं नाव टाकून शोधलं पण येत नाही.

सोनचाफा
साइटवर नाव टाकताना खाली पेंडिंग की डिस्पोज्ड ते निवडलं का? मी दोन दिवस पेंडिंगवरच शोधत होते. आणि नाव इंग्रजीत टाकावं लागतं तिथे, आमच्या आडनावाचं स्पेलिंग कोणी व्ही लावून करतं कोणी डब्ल्यू लावून, दोन्ही करून बघा.

जुना_बेलीफ
ताई, एवढी जुनी केस साइटवर बहुधा नसणारच. ई-कोर्ट्सचं काम २००७ नंतर सुरू झालं, जे चालू खटले होते आणि पुढचे ते आधी चढले. तो १६ अक्षरांचा सीएनआर नंबर (साइटवर प्रत्येक केसला मिळणारा ओळख क्रमांक) आणीबाणीच्या काळातल्या निकाली दाव्याला कुठून असणार. कल्याणलोकल, साइट सोडा. ३१ वर्षं कोर्टात काढली, शेवटची सहा रेकॉर्ड रूममध्ये, म्हणून सांगतो. नंबर तुमच्या घरात किंवा तलाठ्याच्या दप्तरात सापडतो. ट्रंक उघडा. समन्स, वकीलपत्राची प्रत, वकिलाने पाठवलेलं तारखेचं पोस्टकार्ड, काहीही चालेल, त्यावर रे.मु.नं. असं लिहून पुढे आकडा आणि साल असतं. रेग्युलर मुकदमा नंबर. तो मिळाला की अर्धं काम झालं. आणि एक सांगा, आजोबा वादी होते की प्रतिवादी?

कोकणचा_राजा
कोकणातली जमीन आणि ७० चं दशक म्हणजे कुळाची केस असणार, डोळे झाकून सांगतो. ती दिवाणी कोर्टात नसतेच, तहसीलदाराकडे शेतजमीन न्यायाधिकरण म्हणून चालते. १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन (त्या दिवसापासून कूळ जमिनीचा मालक मानला गेला), कूळकायद्याचं कलम ३२ ग, सगळं तिकडे. घरचे सगळ्यालाच 'कोर्ट' म्हणतात. आमच्याकडे आजी ग्रामपंचायतीलाही कोर्ट म्हणायची.

अॅड_काळाकोट
शक्यता आहे, पण डोळे झाकून नको. दिवाणी दाव्यात कुळाचा मुद्दा निघाला तर कूळकायद्याच्या ८५अ खाली कोर्ट तो मुद्दा तेवढा मामलतदाराकडे पाठवतं आणि दावा कोर्टातच राहतो. त्यामुळे दोन्हीकडे कागद असू शकतात.

मोडीप्रेमी
जुनी कागदपत्रं मोडीत असतील तर मी वाचून देतो, नाममात्र मानधन.

बंड्या_०९
१९७५ मध्ये मोडी? काका 😄

सोनचाफा
माझा पण प्रश्न आहे, यातच विचारते. भावावर कॉलेजात असताना मारामारीची केस झाली होती, सुटला, आता पासपोर्टला निकालाची कॉपी मागतायत. ती पण अशीच मिळते का?

जुना_बेलीफ
मिळते ताई, ज्या कोर्टात चालली तिथे नक्कल अर्ज. वेगळा धागा काढा, नाहीतर या भाऊंचं राहील बाजूला.

परदेशी_पाहुणा
आमच्याकडे टोरांटोत कोर्ट रेकॉर्ड मागवायला ऑनलाइन फॉर्म भरतात. भारतात कधी सुधारणार कोण जाणे.

मालवणी_मसालो
टोरांटोत चुलत्याची कलमां लावलेली जागा आसा काय पण?

कल्याणलोकल
ट्रंक उघडली (बाबांनी, व्हिडिओ कॉलवर). समन्स नाही. पण जुन्या फेरफाराचा (सातबाऱ्यावरची नोंद बदलण्याचा) कागद मिळाला, १९७९ चा. जसं आहे तसं टाईप करतो, नंबर गाळून: "...दिवाणी कोर्टाकडील रे.मु.नं. —/७१ चे निकालान्वये नाव दाखल होणेची वर्दी. निकालाची सहीशिक्क्याची नक्कल हजर केली नाही सबब नामंजूर." म्हणजे १९७९ ला पण हाच कागद मागितला होता आणि तेव्हाही दिला नाही!! आजोबांनी का दिला नसेल देव जाणे. आजोबा वादी होते असं बाबा म्हणतात.

जुना_बेलीफ
झालं की. कुळाचा वाद मिटला, नंबर मिळाला. आता तालुक्याच्या कोर्टात जाऊन नक्कल विभागात नको, आधी १९७१ ची दावा नोंदवही बघायला मागा. शोधासाठी अर्ज आणि कोर्ट फी लागते, तिथलाच कारकून सांगेल किती. त्या वहीत एकेका दाव्याला आडवी ओळ असते, पक्षकार, मिळकत, निकालाची तारीख. आणि अगदी उजवीकडे अपील आणि दरखास्तीचे (कोर्टाचा हुकूम अमलात आणायच्या अर्जाचे) रकाने असतात. ते रकाने वाचल्याशिवाय परत फिरू नका. सोबत आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि तुम्ही नातू असल्याचा कागद न्या, पक्षकार तुम्ही नाही, विचारतील.

गप्पाजी
पण आता फायदा काय? हुकूमनाम्याची (कोर्टाच्या शेवटच्या हुकमाची) अंमलबजावणी १२ वर्षांत करायची असते. ४५ वर्षं झाली. विषय संपला.

अॅड_काळाकोट
१२ वर्षांची मुदत दरखास्त लावायला. कायम मनाईच्या हुकमाला तर तीही नाही. आणि ताबा आधीपासून यांच्याचकडे असेल तर दरखास्त कशाला लावायची? कल्याणलोकल, ताबा कोणाकडे आहे?

कल्याणलोकल
आमच्याकडेच. काजू आमच्याच आहेत, काढतोही आम्हीच. हे सांगायला हवं होतं का?

बंड्या_०९
😑

गप्पाजी
मग पहिल्याच पोस्टमध्ये लिहा ना राव.

माहितीदूत
फेरफार नामंजूरची फाईल मात्र माहिती अधिकारात मिळू शकते, ती महसूलची आहे, कोर्टाची नाही. नोंद घ्यावी.

अॅड_काळाकोट
हे बरोबर.

कल्याणलोकल
अपडेट. काल परत गेलो, रजा संपल्या आता. या वेळी दुसऱ्या बाई होत्या, बऱ्या होत्या. मी फेरफार दाखवला, शोधाचा अर्ज केला, तासाभराने त्यांनी वही आणली, एवढी मोठी की टेबलावर अर्धी बाहेर, लाल कापडाची बांधणी, कोपरे कुरतडलेले. आमची ओळ सापडली. आजोबांचं नाव वादी म्हणून, सर्व्हे नंबर आमचाच. निकालाच्या रकान्यात काय असावं? "दावा रद्द". मी तिथेच बसलो खाली. आयुष्यभर ऐकलंय आजोबा केस जिंकले, बारशाला ऐकलंय, लग्नात ऐकलंय. मग जुना_बेलीफ यांचं आठवलं आणि उजवीकडे गेलो. तिथे वेगळ्या शाईत अपील नंबर, साल १९७५, जिल्हा कोर्ट, आणि पुढे "मंजूर". रात्री बाबांना सांगितलं तर म्हणतात हो हो, अण्णा (म्हणजे आजोबा) रत्नागिरीला जायचे ना एसटीने, पहाटेची गाडी, डब्यात घावणे. अहो मग हे आधी सांगायचं ना! म्हणे तू केसचं विचारलंस, अपिलाचं कुठे विचारलंस.

मालवणी_मसालो
बाबा आणि तू एकाच साच्यातले.

जुना_बेलीफ
म्हणून म्हटलं होतं रकाने वाचा. तालुक्यातून नक्कल काढली असती तर "दावा रद्द" चा निकाल घेऊन तलाठ्यापुढे उभे राहिला असता, आणि भाऊबंदांनी पेढे वाटले असते. तुम्हाला नक्कल हवी ती अपिलातल्या निकालाची आणि हुकूमनाम्याची, दोन्ही मागा. निकाल म्हणजे न्यायाधीशाची कारणं, हुकूमनामा म्हणजे शेवटी काय हुकूम झाला तो. कचेऱ्यांत कधी एक मागतात कधी दुसरं. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, तुमचं अपील त्याआधी रत्नागिरीलाच निकाली निघालेलं दिसतंय. तेव्हा ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गच्या जिल्हा कोर्टात, जायच्या आधी रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयाच्या रेकॉर्ड रूमला विचारा. निकाल आणि हुकूमनामा जपून ठेवायचे कागद, बाकीचे काही नष्ट करतात ठरल्या मुदतीने, त्यामुळे साक्षीपुरावे मिळतीलच अशी आशा धरू नका. ते तुम्हाला लागणारही नाहीत.

कोकणचा_राजा
मला अजून वाटतं कुळाचा मुद्दा असणार त्यात.

अॅड_काळाकोट
अर्जात अपील नंबर, साल, दोन्ही पक्षकार आणि 'कारण: महसूल दप्तरी नोंदीकरिता' असं लिहा. अर्जंट नक्कल मागता येते, फी जास्त पडते. हातात आल्यावर झेरॉक्स देऊन टाका सगळीकडे, मूळ सोडू नका, १९७९ ला आजोबांचं बहुधा हेच झालं असेल.

कल्याणलोकल
रत्नागिरीला काकांच्या मुलाला पाठवला, तो तिथेच नोकरीला आहे. अर्ज घेतला, बस्त्यात सापडलं तर फोन करतो म्हणाले. दहा दिवस झाले, आज फोन आला, सापडलं. सहा पानी निकाल, टाईप केलेला, एका पानाला वाळवी लागलीय पण वाचता येतंय. नक्कल पुढच्या बुधवारी. सगळ्यांचे आभार, जुना_बेलीफ तुम्ही गावी आलात तर काजूगर माझ्याकडून.

सोनचाफा
अभिनंदन! माझ्या भावाचं कोणी सांगेल का 🙏

जुना_बेलीफ
ताई रात्री लिहितो, तुमचा धागा पाहिला. कल्याणलोकल, बुधवारी पोराला सांगा नक्कल घेताना खिडकीवरच उभं राहून प्रत्येक पानावर शिक्का आहे ना बघायचं, शेवटच्या पानावर सही आणि तारीख. आणि निकालातला सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आत्ताच्या सातबाऱ्याशी जुळतो का ते आजच बघून ठेवा. वहीत जुळला म्हणालात, पण हिस्सा बघितला होता का?

कल्याणलोकल
सर्व्हे नंबर बघितला होता. हिस्सा... थांबा, बाबांना फोन करतो.