अल्बम फुकट वाटणं: इंडियन ओशनने वाट दाखवली की बाकीच्यांची वाट लावली?

खर्जातला
इंडियन ओशनचा '१६/३३० खजूर रोड' हा अल्बम परत ऐकत होतो आणि जुना राग वर आला. अल्बमवर नाही, तो ज्या पद्धतीने दिला त्यावर. माहीत नसलेल्यांसाठी: इंडियन ओशन हा दिल्लीचा बँड, १९९० पासूनचा. २००० च्या 'कंदिसा'ने नाव झालं, 'ब्लॅक फ्रायडे' सिनेमातल्या 'बंदे' गाण्याने ते घरोघरी पोचलं. मग २०१० च्या जुलैपासून त्यांनी हा नवा स्टुडिओ अल्बम वेबसाइटवरून वाटायला सुरुवात केली. सात गाणी, महिन्याला एक, डाउनलोड फुकट. पहिलं 'चांद'.

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. माझं म्हणणं, हे औदार्य वीस वर्षांत नाव कमावलेल्यांना परवडलं, कारण त्यांचं घर कार्यक्रमांवर चालत होतं. कालपरवा सुरू झालेल्या बँडने काय करायचं? एवढे मोठे लोक फुकट देतात म्हटल्यावर तुमच्या सीडीचे पैसे कोण मोजणार? रेडिओहेड या इंग्लिश बँडने २००७ मध्ये 'इन रेनबोज' अल्बम काढला तेव्हा निदान विचारलं तरी, किती देता? शून्य टाकायची मुभा होती, पण शून्य टाकताना हात जरा अडखळतोच. इथे विचारणंच नाही.

गबगुबी
सपशेल असहमत. २०१० मध्ये सीडी विकत घेत कोण होतं हो? स्टेशनबाहेर शंभर-दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी चहा-वड्याच्या पैशात मिळायची. फुकट तर सगळं आधीच झालं होतं, फक्त वाटणारे चोर होते. यांनी स्वतः वाटलं, एवढाच फरक.

आणि दुसरं, फुकट ऐकू देणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे. त्या काळात सिनेमाच्या करारावर एक सही केली की संगीतकार-गीतकाराचा गाण्याशी संबंध संपायचा. रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही, हे कॉपीराइट कायद्यात आलं २०१२ च्या दुरुस्तीने. त्याच्या दोन वर्षं आधी आपल्या अल्बमचा ताबा आपल्याकडे ठेवणं ही चैन नव्हती, शहाणपण होतं.

तिहाई_चुकली
पैशाचं तुम्ही दोघं बघून घ्या. माझी तक्रार वेगळीच आहे. महिन्याला एक गाणं दिलं की अल्बम उरतो कुठे?

बँडचे गायक-तबलावादक असीम चक्रवर्ती गेले २५ डिसेंबर २००९ ला. म्हणजे यातला त्यांचा आवाज आपल्यापर्यंत ते गेल्यावर आला. हा माणूस मांडी घालून तबला वाजवता वाजवता गायचा. डग्ग्यावर हात घासून काढलेला घिस्सा आणि गळ्यातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, एकाच वेळी, एकाच अंगातून निघायची. दोन वेगळे कलाकार कितीही तयारीचे असले तरी तसं जमत नाही. अल्बमचं नावही दिल्लीच्या करोल बागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात ते इतकी वर्षं सराव करायचे त्याच्या पत्त्यावरून ठेवलेलं. असा अल्बम सलग एका बैठकीत ऐकायचा असतो. तो हप्त्याहप्त्याने दिला. 'चांद'नंतर 'शून्य' यायला महिना! तोवर पहिल्याचा सूर कानातून गेलेला असायचा.

गबगुबी
@तिहाई_चुकली, तुमचा गेला असेल. मी एकेक गाणं महिनाभर घोळवलं. सातही एकदम मिळाली असती तर 'बोंधू' मी तरी दुसऱ्यांदा लावलं नसतं, भाषा कळत नाही म्हणून पुढे सरकलो असतो. बाकी सलगच ऐकायचं तर शेवटचं गाणं आल्यावर सगळी ओळीने लावायला कुणी अडवलं होतं?

तिहाई_चुकली
मालिका संपल्यावर सगळे भाग एकदम बघा, म्हणण्यासारखं झालं हे. असो. पटणार नाही तुम्हाला.

फेडर_खाली_घे
मी पुण्यातल्या एका छोट्या बँडमध्ये वाजवतो, म्हणून थोडं आतलं. @खर्जातला, तुम्ही आमची बाजू घेताय त्याबद्दल आभार, पण आमचा प्रश्न 'लोक पैसे देत नाहीत' हा नाहीच. आमचं लोक फुकटसुद्धा डाउनलोड करत नाहीत. :)

खर्च कशाला येतो ते सांगतो. गिटार, बेस घरी लॅपटॉपवर होतात. ड्रम्स होत नाहीत. त्यासाठी तासावर भाडं भरून स्टुडिओ घ्यावा लागतो, आणि पहिला अर्धा दिवस नुसता माइक लावण्यात आणि स्नेअरची, म्हणजे खाली तारा असलेल्या ड्रमची, झणझण घालवण्यात जातो. कुणी फ्लोअर टॉमवर, म्हणजे जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमवर, पाकीट ठेवतं, कुणी चिकटपट्टी लावतं, मीटर चालूच. हे पैसे अल्बम विकून कधीच निघाले नाहीत, निघतात ते स्टेजवरून. इंडियन ओशनचा अल्बम येत होता त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात एनएच-७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला. आमच्यासारख्यांना त्या बातमीचं अप्रूप जास्त होतं. अल्बम फुकट द्या, विका, काहीही करा. तो दाखवून कार्यक्रम मिळतो का, ते बोला.

खर्जातला
@फेडर_खाली_घे, म्हणजे अल्बम हे तुमचं व्हिजिटिंग कार्ड. इथेच तर माझं दुखणं आहे. इंडियन ओशनचा बेसवादक-गायक राहुल राम नर्मदा आंदोलनातून आलेला माणूस, 'मा रेवा' गाणारा. श्रमाचं मोल त्याला मी शिकवायला नको. त्याच्या बँडने स्टुडिओतल्या कामाची किंमत शून्य लावली, आणि आता तुम्हीही तीच लावताय. ड्रम रूमवाला देतो का तुम्हाला एक तास फुकट, पुढे कार्यक्रम मिळतील म्हणून?

फेडर_खाली_घे
नाही देत. पण मागच्या खेपेला पैसे कार्यक्रमानंतर दिले तरी चालेल म्हणाला. तेवढं श्रोत्यांनी केलं तरी पुरे.