मदत हवी आहे: मुलाची नवीन कॉमिक्स पुढे किंमत धरतील का?

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा. २०१९ च्या महापुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं आणि वडिलांनी जपलेल्या इंद्रजाल कॉमिक्सचा अक्षरशः लगदा झाला. १९६४ ते १९९० या काळातली ती मालिका. अजून हळहळ वाटते.

आता मुलगा खाऊचे पैसे साठवून सुपरहिरोंचे नवे अंक घेतोय, एकाच अंकाची दोन-दोन मुखपृष्ठंसुद्धा. "पप्पा, पुढे भाव येईल," म्हणतो. मला शंका आहे. जुन्या अंकांना भाव आला तो बाकीचे रद्दीत गेले म्हणून. उलट १९९१ चा एक्स-मेन या सुपरहिरो मालिकेचा पहिला अंक, त्याच्या ८० लाखांच्या आसपास प्रती खपल्या, लोकांनी पिशवीत घालून जपल्या, त्यामुळे साधी प्रत आजही स्वस्तात मिळते. मग आत्ताचे अंक वेगळे कसे ठरतील? पण पोराचा उत्साह मोडवत नाही.

कमी छापलेला अंक ओळखायचा कसा? ग्रेडिंगचा, म्हणजे तज्ज्ञांकडून अंकाची अवस्था तपासून दर्जा ठरवून घेण्याचा, खर्च निघतो का? आणि कृष्णाकाठच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी लागू नये म्हणून तुम्ही काय करता? हे आधी सांगा, जून तोंडावर आलाय.